हेक्समध्ये बदल: आधी वहीवर, मग कोडमध्ये

नेहमीची दशमान संख्या हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या अंकपद्धतीत, बदलायची आहे ना? बिट शिफ्ट, मास्क वगैरे थेट बिट्सवर चालणाऱ्या युक्त्या सध्या बाजूलाच ठेव. आधी ७०० हा आकडा घेऊन वहीवर भागाकार कर. ७०० भागिले १६ म्हणजे भागाकार ४३, बाकी १२. मग ४३ ला भागलं की २, बाकी ११. शेवटी २ ला भागलं की ०, बाकी २. भागाकार शून्य झाला, थांब. बाक्या खालून वर वाच: २, ११, १२. हेक्समध्ये १० ते १५ साठी ए ते एफ ही अक्षरं असतात, म्हणजे उत्तर २बीसी. कोडचा लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा भाग) अगदी हेच करतो.

नवीन मंडळी बहुतेक इथे अडकतात:

- बाक्या उलट्या क्रमाने मिळतात. नवा अंक स्ट्रिंगच्या (अक्षरांच्या ओळीच्या) सुरुवातीला जोड, शेवटी नाही. नाहीतर सीबी२ छापलं जाईल.
- बाकी १२ आली की '१२' छापू नकोस. ० ते ९ आणि ए ते एफ अशी सोळा अक्षरांची एक स्ट्रिंग ठेव आणि बाकी हाच इंडेक्स (शून्यापासून मोजलेला स्थानक्रमांक) म्हणून वापर. आस्कीत (अक्षरांना आकडी कोड देणाऱ्या पद्धतीत) ९ चा कोड ५७, कॅपिटल ए चा ६५. मधे फट आहे, म्हणून '०' च्या कोडमध्ये १० मिळवलेस तर अक्षराऐवजी कोलन येतो.
- इनपुट ० असेल तर लूप एकदाही फिरत नाही आणि उत्तर रिकामं येतं. ही केस वेगळी हाताळ.
- पायथॉनमध्ये भागाकारासाठी दुहेरी स्लॅश (//) वापर. एकेरीने अपूर्णांक येतो.

ऋण संख्यांचं नंतर बघू. २५५ ला एफएफ आणि २५६ ला १०० आलं, की कोड इथे टाक.