कॅथेटर (लघवीची नळी) लावलेल्या आजी-आजोबांच्या युरिन रिपोर्टला घाबरू नकोस

अगं, नवीन असताना मीपण हेच करायचे, कल्चरमध्ये (लघवीतले जंतू वाढवून बघायची लॅब टेस्ट) बॅक्टेरिया दिसले की लगेच डॉक्टरांना फोन, अँटिबायोटिक कधी चालू करायचं म्हणून. पण कॅथेटर आत असला ना की दर दिवसाला साधारण ३ ते ७ टक्के पेशंटच्या लघवीत बॅक्टेरिया येतातच, महिनाभर राहिला तर जवळजवळ सगळ्यांच्या. ते इन्फेक्शन नाही, नुसते बसलेत तिथे. लघवी गढूळ आहे, वास येतोय, एवढ्यावरून औषध नको.

मग बघायचं काय? ताप, थंडी वाजून येणं, कमरेच्या वर बाजूला दुखणं, बीपी पडणं. म्हातारी माणसं अचानक बरळायला लागली की सगळे युरिनलाच दोष देतात, पण आधी पाणी कमी पडलंय का, पोट साफ झालंय का, नवीन गोळी चालू झालीय का, दुखतंय का, हे बघ ना! उगाच दिलेल्या अँटिबायोटिकने जुलाब लागतात, सी. डिफिसाइलसारखं आतड्याचं इन्फेक्शन होतं, आणि पुढे खरंच गरज पडली तर औषधच लागू होत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि फार वाईट वाटतं.

कल्चरचं सॅम्पल लघवी साठते त्या बॅगेतून कधीच घ्यायचं नाही. कॅथेटर दोन आठवड्यांपेक्षा जुना असेल तर आधी बदलायचा, मग नव्यातून घ्यायचं, तेही अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी. बॅग मूत्राशयाच्या खालीच, पण जमिनीला टेकलेली नको.

आणि रोज राउंडला विचार, अगदी न लाजता, "सर, हा कॅथेटर आज काढता येईल का?"