सोनं गहाण ठेवून महागडी शाळा?

प्रश्न : मुलगी सातवीत आहे, तालुक्याच्या अनुदानित मराठी शाळेत. बाकी विषय बरे, पण गणितात अपूर्णांक आले की अडते. इंजिनिअर व्हायचं म्हणते. शहरात इंग्रजी माध्यमाची नवी शाळा निघाली आहे. एसी वर्ग, पोहण्याचा तलाव, फी वर्षाला 1 लाख 40 हजार. सोनंतारण कर्ज काढून आठवीला तिथे घालावं का? जास्त फीच्या शाळेत मुलं जास्त शिकतात ना?
– एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, सोनं तूर्त कपाटातच राहू द्या.

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर अभ्यासक साठ वर्षं भांडताहेत. 1966 साली अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांचा अहवाल आला. मुलांच्या गुणांचा संबंध शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त, असं त्यात दिसलं. ‘शाळांवर पैसा ओतून उपयोग नाही’ म्हणणारे तेव्हापासून तो अहवाल पुढे करतात, आणि जोडीला अमेरिकेतल्याच कॅन्सस सिटी शहराचं उदाहरण. तिथे 1985 नंतर कोर्टाच्या आदेशाने शाळांवर सुमारे दोन अब्ज डॉलर खर्च झाले, ऑलिम्पिकच्या मापाचा तलावही झाला (तलाव सगळीकडेच लोकप्रिय!), पण गुण फारसे हलले नाहीत. उलट बाजूलाही भक्कम पुरावा आहे. 2016 च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, शाळेची बाराही वर्षं 10 टक्के जास्त खर्च वाट्याला आलेली मुलं मोठेपणी सुमारे 7 टक्के जास्त कमावताना दिसली. गरीब घरच्या मुलांना फायदा अधिक झाला. तेव्हा शाळा पैसा कशावर घालते, हे बघायला हवं.

आपल्याकडचं उदाहरण तुमच्या जास्त कामाचं आहे. 2001 ते 2003 या काळात ‘प्रथम’ संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. वस्तीतलीच शिकलेली मुलगी मागे पडलेल्या मुलांना रोज दोनेक तास बाजूला घेऊन पायाच पक्का करून घ्यायची. मुलामागे वर्षाचा खर्च शंभरेक रुपये. पुढे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह हे मोजलं, तेव्हा गुण स्पष्ट वाढलेले दिसले, आणि सर्वांत जास्त कच्च्या मुलांचे.

तुमच्या लेकीचं दुखणं अपूर्णांकांचं, म्हणजे पाचवी-सहावीचं. नव्या शाळेत आठवीचं गणित थेट इंग्रजीतून सुरू होईल आणि मागचं तसंच राहील. आठवीला माध्यम बदलणं झेपतच नाही असं नाही, पण आधीच डळमळणाऱ्या विषयावर हे ओझं मी टाकणार नाही. गावात बी.एस्सी. करणारी एखादी मुलगी असेल तर तिला रोज तासभर शिकवायला लावा आणि मानधन नीट द्या. सुरुवात पाचवीच्या पुस्तकापासून करा, लेक तोंड वाकडं करेल, करू द्या. सध्याच्या शाळेत सेमी इंग्रजीची (गणित-विज्ञान इंग्रजीतून) तुकडी असेल तर पाया सावरल्यावर आठवीला ती घ्या. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी राज्यात एमएचटी-सीईटी परीक्षा असते, तिच्यात गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो, त्याची सवय तिथे होईल.

आणखी एक गोष्ट प्रवेश घेताना कुणी सांगत नाही. आठवीत एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा असते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12 हजार रुपये मिळतात. पण ही शिष्यवृत्ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच आहे. त्या महागड्या शाळेत गेलात की ही संधी गेली. तुमचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर मुख्याध्यापकांना आत्ताच भेटा. सातवीला 55 टक्के लागतात (अनुसूचित जाती-जमातींना 50).

हिशोबही बघा. तीन वर्षांची फीच 4 लाख 20 हजार, बस आणि व्याज वेगळं. एवढं करून दहावीच होईल. खरा खर्च अकरावीपासून पुढे आहे. राज्य सरकारने 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींची, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेल्यास, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. हॉस्टेल आणि मेस मात्र पदरचे. सोनं मोडायचीच वेळ आली तर ती तेव्हा येईल.

तरीही ती शाळा बघायला जायचंच असेल, तर तलावाकडे नंतर जा. आधी आठवीच्या गणिताला कोण शिकवतं, ते शिक्षक किती वर्षं टिकलेत आणि मागे पडलेल्या मुलांसाठी वेगळा तास आहे का, एवढं विचारा. उत्तरं मिळाली तर मला कळवा.