पराशातला बोध: लेवीयमध्ये अडकलेल्या वाचकासाठी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. इस्राएलमधल्या अश्दोदला स्थायिक झालेल्या शाळेतल्या मैत्रिणीबरोबर तुम्ही दर आठवड्याची पराशा (बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांचा, ज्यू लोक त्या आठवड्यात वाचतात तो भाग) मराठी बायबलमधून वाचताय. आब्राहाम, योसेफ, मोशे इथवर छान रमलात, पण लेवीय हे तिसरं पुस्तक सुरू झालं आणि गाडं अडलं. बळी, चरबी, कोड, भिंतीवरचे डाग! यातून आजच्या माणसाने काय घ्यायचं? आणि जे घेतो ते ओढूनताणून तर नाही?

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू घरातली, पंडित वगैरे नव्हे. बरीच वर्षं वाचतेय, त्या जोरावर लिहिते.

माझं मत उलटं आहे. सामाजिक बोध हवा असेल तर गोष्टींपेक्षा कायदे बरे. गोष्टीत चांगला कोण, वाईट कोण हे आपण आधीच ठरवून बसतो आणि आपलाच बोध त्यात घालून पुन्हा बाहेर काढतो. कायदा मात्र कोणी कुठे उभं राहायचं, पैसे कधी द्यायचे, आधी काय करायचं हे सांगतो. तिथे आपली मखलाशी फारशी चालत नाही.

तुम्ही अडलात तीच पराशा घेऊ. मेत्सोरा, लेवीय 14. भिंतीवर हिरवट किंवा तांबूस डाग दिसतो. घरमालक याजकाकडे जाऊन म्हणतो, "घरात चट्ट्यासारखं काहीतरी दिसतंय." 'चट्टा आहे' असं म्हणायचं नाही. मालक स्वतः जाणकार असला तरी निकाल त्याने द्यायचा नाही, असं मिश्ना (ज्यू कायद्याचा जुना संग्रह) सांगते. पुढचं वाक्य नीट वाचा: याजक पाहायला येण्याआधी घर रिकामं करायचं. कारण त्याने एकदा 'अशुद्ध' म्हटलं की आतलं सगळंच अशुद्ध. म्हणजे निकाल लागण्याआधी सामान बाहेर काढायची मुभा कायदाच देतो. त्यावर मिश्ना विचारते, एवढी काळजी कशाची? लाकडी वस्तू, कपडे, धातूची भांडी पाण्यात बुडवून शुद्ध होतात. होत नाहीत ती मातीची भांडी. इतका सगळा खटाटोप चार मडकी-गाडगी वाचवायला! पाडकामाच्या वेळी सामान काढायला किती वेळ मिळतो हे ज्याने जवळून पाहिलंय, त्याला हे वाक्य कोरडं वाटणार नाही.

आता ओढूनताणून की काय, याबद्दल. माझी कसोटी साधी आहे. काढलेला बोध त्या मजकुरातल्या एखाद्या चमत्कारिक तपशिलावर टेकलेला हवा. 'देवावर भरवसा ठेवा', 'सर्वांशी प्रेमाने वागा' हे 54 पैकी कुठल्याही पराशाला चिकटवता येतं, म्हणून ते कुठलंच नाही. याउलट शोफेतिम ही पराशा पाहा, 'अनुवाद' या पाचव्या पुस्तकाचा 21वा अध्याय. शेतात प्रेत सापडलंय, मारेकरी माहीत नाही. वडीलधारे येतात आणि प्रेतापासून आसपासच्या गावांचं अंतर मोजतात. जे गाव सर्वांत जवळचं, तिथल्या वडिलांनी वाहत्या ओढ्यापाशी कालवडीची मान मोडायची, तिच्यावर हात धुवायचे आणि म्हणायचं, "आमच्या हातांनी हे रक्त पाडलं नाही." अहो, पण त्यांच्यावर आळ घेतलाय कोणी? मिश्नाने नेमका हाच प्रश्न धरलाय. तिचं उत्तर: तो माणूस आमच्याकडे आला आणि आम्ही त्याला उपाशी लावून दिला, सोबत न देता जाऊ दिला, असं घडलेलं नाही, एवढं त्यांना सांगायचं असतं. गुन्हा कोणाचा हे कळलं नाही तरी जबाबदारी कोणाची हे दोरी लावून मोजता येतं. हा अर्थ उपरा वाटत नाही, कारण त्याशिवाय ती मोजणी आणि ते हात धुणं यांचा मेळच लागत नाही.

पुढच्याच आठवड्याची की तेत्से ही माझी सर्वांत आवडती पराशा. गच्चीला कठडा बांधा, मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या, मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नका. त्यातलं कर्जाचं कलम तर अनुवाद 24 मध्ये मुळातूनच वाचा. गहाण घ्यायला गेलेल्या सावकाराने घरात शिरायचं नाही. बाहेर उभं राहायचं, काय द्यायचं ते कर्जदार आणून देईल. गरिबाचं पांघरूण गहाण असेल तर रात्री परत. आणि जातं किंवा जात्याची वरची तळी गहाण घ्यायचीच नाही, कारण तो माणसाचा जीवच गहाण घेतल्यासारखं होईल. कोकणात आमच्या लोकांना 'शनवार तेली' म्हणत, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून. कोकणात नौगावला आमच्या पूर्वजांचं जहाज फुटलं तेव्हा ग्रंथ बुडाले अशी आमची परंपरा. मुंबईतली पहिली मशीद (आम्ही सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, मशीदच म्हणायचो) 1796 ची. त्याआधी कित्येक पिढ्या हातात पुस्तक नसताना शनिवार पाळला गेला. घाण्यावर पोट असलेल्या त्या माणसांना जात्याचं कलम कोणी समजावून द्यायची गरज पडली नसती.

बळींचं म्हणाल तर दोन गोष्टी. लेवीय 5 मध्ये मेंढी परवडत नसेल तर दोन कबुतरं, तीही नसतील तर थोडं पीठ, अशी उतरंड आहे. दुसरं, पराशाबरोबर हफ्तारा (तिच्या जोडीला वाचायचा संदेष्ट्यांच्या पुस्तकांतला उतारा) वाचत जा. त्साव या बळींनी भरलेल्या पराशाची नेहमीची हफ्तारा यिर्मयाची आहे, आणि तिथे देव म्हणतो की मिसरातून काढलं तेव्हा होमबलींविषयी मी तुमच्या पूर्वजांना आज्ञा केलीच नव्हती, माझं ऐका एवढंच सांगितलं होतं. नियम आणि त्यावरची टीका एकाच सकाळी, एकाच तेबावरून (वाचनाच्या चौथऱ्यावरून)! ही जोडी ज्यांनी लावली त्यांना मी मनापासून मानते.

सगळीकडे बोध सापडेलच असंही नाही. हट्टी, बंडखोर मुलाला दगडमार सांगणाऱ्या कायद्याबद्दल तालमूदमध्ये (मिश्नावरच्या चर्चेच्या ग्रंथात) मत नोंदलंय की असा मुलगा कधी झाला नाही आणि होणार नाही, तो भाग केवळ अभ्यासासाठी आहे. पण मत्तोथ या पराशातली मिद्यानी बायका-मुलांची कत्तल? त्यावरचे खुलासे मी वाचलेत, एकही पटलेला नाही. त्या आठवड्यात मी बोध काढायच्या फंदात पडत नाही, मात्र मजकूर वगळतही नाही.

वाचायची पद्धत म्हणाल तर पराशाचे सात भाग असतात, रोज एक घ्या. शंका आली की आधी राशी या जुन्या टीकाकाराचं भाष्य, मग बाकीचे. दोघींपैकी एकीने मुद्दाम आक्षेप घेणारीची भूमिका करा आणि दर आठवड्याला ती बदला, नाहीतर गोड गोड बोलण्यात वेळ जातो.

एक व्यावहारिक सूचना. इस्राएलबाहेर पेसाह (वल्हांडण सण) एक दिवस जास्त असतो. तो आठवा दिवस शनिवारी आला की आपल्याकडे सणाचं वाचन होतं आणि अश्दोदला नेहमीची पुढची पराशा. मग इथे एखादी जोडपराशा वाचून बरोबरी होईपर्यंत काही आठवडे तुमची मैत्रीण एक पराशा पुढे असेल. अशा वर्षी कोणाच्या पंचांगाने चालायचं ते आधीच ठरवा.