मावाशी किक बसत नाहीये? आधी उभा पाय बघा
तुमची पोस्ट वाचली आणि माझा ब्राऊन बेल्टचा काळ डोळ्यासमोर आला. तीन वर्षं कराटे करताय, काता (ठरलेल्या क्रमाच्या हालचाली) पाठ आहेत, पण स्पारिंगमध्ये, म्हणजे जोडीदाराशी लढताना, मावाशी गेरी (बाजूने गोल फिरवून मारायची किक) बसत नाही, हल्ली गुडघा पण दुखतोय, तर आता स्पिनिंग किक शिकायला घेऊ का असं विचारलंय. नका घेऊ. निदान आत्ता तरी नको.

वॉर्मअप, स्ट्रेचिंग तुम्हाला माहीतच असणार, ते सोडतो. माझी चूक एकच होती आणि ती दोन वर्षं कुणी पकडली नाही. मावाशी मारताना ज्या पायावर उभा असायचो तो फिरतच नव्हता. कंबर वळायची, मांडी वळायची आणि खालचं पाऊल मात्र समोर तोंड करून जमिनीला चिकटलेलं, मग मधला सगळा पीळ जातो कुठे, तर गुडघ्यात. गुडघा मुख्यतः वाकायला आणि सरळ व्हायला केलेला आहे, त्यावर सगळं वजन असताना तो पिळायचा नसतो. एक दिवस रबरी मॅटवर पंजा अडकला, कंबर पुढे निघून गेली आणि आत कट्ट झालं. मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली कूर्चेची गादी, फाटलं होतं. नऊ महिने गेले.

राग येतो तो त्या क्लासचा. दर तीन महिन्यांनी ग्रेडिंग, बेल्ट हातात, फोटो, पुढची काता. परीक्षेत क्रम चुकला की मार्क कापायचे, टाच कुठे आहे हे कुणी वाकून बघितलं नाही. दुखापतीनंतर विचारायला गेलो तर म्हणे तुझं शरीरच कडक आहे. अजून आठवलं की डोकं तापतं.

नंतर दुसऱ्या ठिकाणी गेलो, तिथल्या सरांनी किक बंदच केली. भिंतीला हात लावायचा, टाच किंचित उचलायची, पंज्यावर फिरून टाच टार्गेटकडे आणायची, गुडघा वर, थांबायचं, मग पाय सोडायचा. प्रत्येक बाजूने वीस, अगदी सावकाश. तीन महिने एवढंच. मॅटवर पंजा घासल्याचा चर्र आवाज आला की समजायचं पाऊल फिरलं, तो आला नाही तर ती किक मोजायची नाही. मोबाईल जमिनीवर ठेवून फक्त पावलांचा व्हिडिओ काढा, आरशात हे दिसत नाही कारण तिथे आपण वरच बघतो.

झेनकुत्सु दाचीचं (पुढचा पाय वाकवून उभं राहायची लांब पोझ) पण तेच, पुढचा गुडघा आत पडत असेल तर ग्याकु झुकीला (मागच्या पायाच्या बाजूच्या हाताने मारलेला ठोसा) जोर येणारच नाही, कितीही पुशअप्स मारा. कराटेच्या शोतोकान स्टाईलचे जनक फुनाकोशींनी स्वतः लिहून ठेवलंय की तेक्की नावाच्या तीन कातांना त्यांनी दहा वर्षं दिली. आणि आपण तीन महिन्यांत पुढची मागतो!

मी शोतोकानवाला आहे, इतर स्टाईलमध्ये पाऊल किती फिरवायचं यात फरक असतो, तुमच्या सेन्सेईंना (कराटेच्या सरांना) विचारा. डॉक्टरही नाही मी, त्यामुळे गुडघा आधी ऑर्थोपेडिकला दाखवा, सूज असेल किंवा गुडघा अडकत असेल तर भिंतीचा ड्रिलसुद्धा नको. त्यांनी हो म्हटलं की पावलांचा व्हिडिओ इथे टाका, दोन्ही बाजूंचा, मी बघून सांगतो.