गिंबल आणि गुडघे

प्रिय मित्रास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला लग्नाचा व्हिडिओ लक्षपूर्वक पाहिला. नवरी मंडपाकडे चालत येते आणि तू कॅमेरा घेऊन मागे सरकतोस, त्या शॉटमध्ये फ्रेम कुठेही तिरकी होत नाही, तरीही प्रत्येक पावलाला ती वरखाली हलते. याबद्दल तू गिंबलला, म्हणजे मोटरांनी कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या हातातल्या दांड्याला, दोष दिला आहेस; तो मला पटत नाही. गिंबलमधला जायरो हा सेन्सर कॅमेऱ्याचे फिरणे ओळखतो आणि पॅन (डावीउजवीकडे वळणे), टिल्ट (वरखाली झुकणे) व रोल (कडेला कलणे) या तीन अक्षांवरच्या मोटर ते तत्क्षणी उलट दिशेने भरून काढतात. चालताना मात्र अख्खा कॅमेराच काही सेंटीमीटर उचलला जातो. तो फिरलेला नसतो, त्यामुळे मोटरांना दुरुस्त करण्यासारखे काही मिळतच नाही. दूरच्या डोंगरावर हा धक्का जाणवत नाही, दोन पावलांवरच्या नवरीवर लगेच जाणवतो.

गॅरेट ब्राउन यांनी 1970 च्या दशकात घडवलेल्या स्टेडीकॅम या अंगावर बांधायच्या कॅमेरा-आधारात हे धक्के अंगावरच्या जॅकेटला जोडलेला स्प्रिंगचा हात झेलत असे. तुझ्या हातातल्या गिंबलला तो हात नाही, म्हणून ते काम गुडघ्यांनी करायचे. गुडघे किंचित वाकवून, कोपरे अंगाजवळ ठेवून, पुढे जाताना आधी टाच आणि मागे येताना आधी चवडा टेकव. मांड्या भरून येतील. सराव करावाच लागतो.

दुसरी गोष्ट बॅलन्सची, आणि इथे घाई करणे मला अजिबात मान्य नाही. बॅटरी, कार्ड, फिल्टर सगळे जागेवर लावून, लेन्सचे झाकण काढून, गिंबल बंद असतानाच आधी टिल्ट, मग रोल आणि शेवटी पॅन जुळव. लेन्स आकाशाकडे करून हात सोडलास तरी कॅमेरा तिथेच थांबला पाहिजे. ही तपासणी बहुतेक जण गाळतात, आणि मग मोटर गुणगुणू लागतात, तापतात आणि चित्रात बारीक थरथर उतरते.

फॉलोचा, म्हणजे तुझ्या हातामागोमाग कॅमेरा वळण्याचा, वेग कमी ठेव. सेकंदाला 25 फ्रेम घेताना शटर 1/50 सेकंद असू दे, म्हणजे हालचालीत स्वाभाविक अस्पष्टता राहील आणि आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या दिव्यांचा फ्लिकर, म्हणजे लुकलुकणेही टळेल. शॉट सुरू करण्यापूर्वी कुठे थांबायचे ते ठरव, कारण थांबण्याची जागा माहीत नसलेला पॅन शेवटी अडखळतोच.

घराच्या व्हरांड्यात कोणाला तरी समोरून चालायला सांगून हाच शॉट पुन्हा घे आणि कापाकापी न करता मला पाठव.

तुझा,
काका