बारावीतील क्रमांक की सीईटीचे गुण: प्रवेशासाठी अधिक न्याय्य काय?
प्रवेश महाविद्यालयातील क्रमांकावर द्यावा की सामायिक परीक्षेवर, या प्रश्नात माझा कल क्रमांकालाही वजन देण्याकडे आहे. एसटी चुकली की प्रात्यक्षिकाचा तास बुडतो, अशा स्थितीत गगनबावड्यात शिकून पहिली येणारी मुलगी आणि कोल्हापूर शहरात क्लास लावून दोन वर्षे सराव चाचण्या सोडवणारा मुलगा सीईटीच्या पर्सेंटाइलमध्ये एकाच तराजूत तोलले जातात; अभियांत्रिकीला बारावीचे गुण तर मुख्यतः पात्रतेपुरतेच उरतात.

अमेरिकेतील टेक्सास राज्याने १९९७ मध्ये प्रत्येक शाळेतील पहिल्या १० टक्के विद्यार्थ्यांना सरकारी विद्यापीठांत प्रवेशाची हमी दिली. मात्र ऑस्टिनच्या विद्यापीठात या वाटेने येणाऱ्यांची गर्दी इतकी झाली की २००९ मध्ये तेथे त्यावर मर्यादा घालावी लागली.

क्रमांकातही खोट आहेच. चुरशीच्या महाविद्यालयातील हुशार विद्यार्थी अकराव्या टक्क्यावर अडकतो, तर अंतर्गत गुण सढळ हाताने वाटले जातात (हे सर्वांना ठाऊक आहे) तेथे क्रमांकाला अर्थ उरत नाही. म्हणून मंडळाच्या लेखी परीक्षेतील गुणांवरूनच क्रमांक ठरवून काही जागा त्यानुसार आणि उरलेल्या सीईटीनुसार भराव्यात, असे मला वाटते.