बदकाची पिल्लं आणलीस? आधी जाळी बघ

भाऊ, पिल्लं मस्त आहेत. पण केळीच्या बागेला लागून खुराडं म्हणजे मुंगसाला आवतणच. सगळे रात्रीला घाबरतात. माझी नऊ पिल्लं भर दुपारी गेली, आम्ही भरीत-भाकरी खात होतो तेव्हा!

सध्या एवढंच कर:

- कोंबडीजाळी नको. तिच्यातून साप शिरतो, मांजर पंजा घालून पिल्लू ओढतं. अर्धा इंची वेल्ड जाळी घे, फूटभर जमिनीत गाड. मुंगूस उकरतं, घूसही.
- वरूनही झाक. घार, कावळे टपलेलेच असतात.
- गिरणेच्या डोहात इतक्यात सोडू नकोस. मोठी मरळ खालून पिल्लू गिळते.

साप दिसला तर काठी उचलू नकोस, सर्पमित्राला फोन लाव. औषधं, खाद्य नंतर बोलू.